भावाच्या नावानं

ओल्डहॅम
११ फेब्रुवारी १९५७

प्रिय क्लिफ,

हे पत्र एनिडला वाचून दाखवण्याआधी एकदा एकटा वाच. माझ्या हातून एक गोष्ट होऊन बसली आहे आणि ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

नटांच्या संघटनेचं कार्ड असल्याशिवाय कुठलीही नाटक कंपनी उभं करत नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी लंडनला त्यांच्या कचेरीत गेलो. खिडकीमागे एक बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी नाव सांगितलं. तिनं वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "सिडनी ह्यूसन आहेत आमच्याकडे. स्केगनेसला बोलक्या बाहुलीचे खेळ करतात. एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत. दुसरं सांगा."

मी म्हटलं, "अहो, हे माझं खरं नाव आहे."

"त्यांचंही खरंच आहे. आणि ते एकोणीसशे सव्वीसपासून आहेत."

"मग मी काय नाव सांगू?"

"मला काय विचारता? बारसं तुमचं आहे."

मागे रांग लागली होती. एक तालमीला उशीर झालेला गृहस्थ माझ्या मानेवर सुस्कारे सोडत होता. आणि क्लिफ, जे पहिलं तोंडात आलं ते मी सांगून टाकलं. तुझं नाव. तिनं लिहिलं, शिक्का मारला, झालं. धंद्याच्या कामापुरता मी आता क्लिफर्ड ह्यूसन आहे.

रागावू नकोस. तुला कुठे नाटकात यायचंय? तू वर्षातले दहा महिने आइसलंडच्या पलीकडे, तिथल्या कॉड माशांना तुझं नाव काय असलं तरी सारखंच. आणि मी काही लंडन गाजवणारा नट नाही. इथे दर सोमवारी नवं नाटक. सकाळी पुढच्या आठवड्याची तालीम, संध्याकाळी या आठवड्याचा खेळ, रात्री उशाशी त्याच्या पुढच्या आठवड्याची वही. परवा मी दुसऱ्या अंकात भलत्याच नाटकातल्या बायकोला हाक मारली. गेल्या आठवड्यात मी पाद्री होतो, या आठवड्यात खुनी आहे, विजार मात्र तीच. असल्या नटाच्या नावाकडे कोण बघतंय?

घरमालकीणबाई मिसेस ऑर्मरॉड शुक्रवारी मासा वाढतात. तो बघून बाबा म्हणाले असते, "हा मासा पेन्शनीत निघालाय."

बाबांना तू सांगशील का? तुझ्या तोंडून त्यांना सगळं पटतं. मी सांगितलं तर म्हणतील, रंग फासून पोट भरतो ते भरतो, वर नावही दुसऱ्याचं.

तुझा,
सिड


लंडन
५ नोव्हेंबर १९६२

प्रिय क्लिफ,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन शिव्या. तरी तुझं अक्षर बघून बरं वाटलं.

खरं सांगायचं तर मी हसलो. मग एनिडबद्दलची ओळ वाचली आणि हसू थांबलं. मासळीच्या दुकानात रांगेत बायकांनी तिला विचारावं, "आज तुझी पाळी का दुसरीची?" हे काही बरं नाही. तिला माझ्यातर्फे माफी सांग.

पण मी काय करू? टीव्हीच्या कार्यक्रमात फिरत्या विक्रेत्याचं काम आहे, पर्सी त्याचं नाव, दोन गावांत दोन बायका. सहा भाग होते, लोकांना आवडलं म्हणून चाळीस झाले. दर बुधवारी साडेसातला आम्ही तो थेट करतो, चुकलं तर चुकलं, सगळ्या देशानं बघितलं. मागच्या बुधवारी पहिल्या बायकोच्या स्वयंपाकघराचं दार अडकलं. मी खिडकीतून आत आलो आणि म्हटलं, "शेजाऱ्यांना वाटलं पाहिजे ना मी इथे राहत नाही." रस्त्यात लोक तेच वाक्य मला ऐकवतात. बसमधे एका म्हातारीनं छत्रीनं मारलंही.

तू लिहितोस, "गोदीवर मला 'दोन बायकांच्या' म्हणून हाक मारतात. माझं नाव मला परत दे." क्लिफ, ते नाव आता दर बुधवारी पडद्यावर येतं. ते काढलं तर मला कोण ओळखणार? आणि माझं खरं नाव मोकळं असतं तर मी आजच्या आज घेतलं असतं. पण तो स्केगनेसचा म्हातारा आणि त्याची बाहुली, दोघंही ठणठणीत आहेत. मी चौकशी केली.

बाबा बुधवारी तुझ्याकडे टीव्ही बघायला येतात असं एनिडनं नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. ते काय म्हणतात? काही म्हणतात का? तू कधीच लिहीत नाहीस.

तुझा,
सिड


लंडन
२० मार्च १९६४

प्रिय क्लिफ,

मी गाडीत बसल्यापासून हे पत्र मनात लिहितोय. आता घरी येऊन कागदावर लिहायला बसलो तर शब्द सापडत नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलून बोलून ही सवय झाली असावी.

तो पाद्री नवा होता. त्याला आपल्या घरातलं कोणी माहीत नव्हतं. त्याच्या कागदावर लिहिलं असणार, क्लिफर्ड, थोरला मुलगा. त्यानं वर बघितलं, समोर मी, दर बुधवारी त्याच्या बैठकीच्या खोलीत येणारा. आणि तो म्हणाला, "जॉर्ज ह्यूसन यांचे सुपुत्र क्लिफर्ड, ज्यांना आपण सगळेच घरच्यासारखे ओळखतो." मागे दोन बाया कुजबुजल्या. एकीनं हातात वही काढली होती, सहीसाठी. चर्चमधे, क्लिफ. बाबा समोर पेटीत.

मी उठून सांगायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, मी सिड, क्लिफर्ड हा, ज्यानं त्यांचं शेवटचं सगळं केलं, ज्याच्या खांद्यावर आत्ता ही पेटी आली. मी उठलो नाही. तीनशे माणसांसमोर रोज उभा राहणारा मी चाळीस माणसांसमोर बसून राहिलो. तू माझ्याकडे बघत होतास आणि मी समोर फुलांकडे बघत होतो.

दफनानंतर फाटकापाशी तू म्हणालास, "आता बाबाही घेऊन जा." तेवढंच. मग एनिडचा हात धरून निघालास.

मला ते चुकीचं वाटत नाही. तू ओरडला असतास तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

लिही. शिव्या लिही. पण लिही.

सिड


लंडन
१८ डिसेंबर १९७१

प्रिय क्लिफ,

तुझं पाकीट आलं. सहावं. या वर्षी एकवीस पत्रं निघाली. बायका अजून मला समज देतात की पहिलीकडे परत जा. कार्यक्रम बंद होऊन सहा वर्षं झाली, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

तुम्ही ग्रिम्सबी सोडून लोस्टॉफ्टला एनिडच्या माहेरी गेलात ते नावाच्या कटकटीतून सुटायला, हे मला माहीत आहे. आणि तिथेही टेलिफोनच्या पुस्तकात 'ह्यूसन, क्लिफर्ड' बघून लोक माझी पत्रं तुझ्या दारात टाकतात. तू ती फाडून फेकू शकला असतास. त्याऐवजी वर्षभर साठवतोस, तपकिरी पाकिटात घालतोस आणि माझ्याकडे पाठवतोस. आत तुझा एक शब्द नाही. पहिल्या वर्षी मी पाकीट उलटं करून झटकून बघितलं होतं.

पण वर पत्ता असतो. 'श्री. सिडनी ह्यूसन.' तुझ्या हातचा, ते वाकडं एस, मास्तरांनी ज्याच्यासाठी तुला पट्टी मारली होती. मला आता कोणीच सिडनी म्हणत नाही, क्लिफ. घरभाड्याची पावती तुझ्या नावाची, दवाखान्याची चिठ्ठी तुझ्या नावाची. बार्बरासुद्धा जाताना म्हणाली, "गुडबाय, क्लिफर्ड." सात वर्षं माझी बायको होती ती. वर्षातून एकदा, नाताळच्या आधी, पोस्टमन माझं नाव घेऊन येतो.

सध्या इथेच मुलांच्या नाताळच्या नाटकात दुष्ट काका आहे. मी डावीकडून येतो, सगळी पोरं उभी राहून ओरडतात, मी जीभ काढून दाखवतो. दिवसाला दोन खेळ. हजार पोरांनी एकत्र दात ओठ खाल्ले की फार बरं वाटतं, तुला सांगतो. त्यांचा राग खोटा असतो आणि चहापर्यंत संपतो.

नावाचं म्हणशील तर स्केगनेसचा म्हातारा अजून आहे. नव्वदीला टेकला, पण आहे. मी दर वर्षी विचारतो.

एनिडला नाताळच्या शुभेच्छा.

सिड


लंडन
२० डिसेंबर १९८३

प्रिय क्लिफ,

पाकीट मिळालं. या वर्षी तीनच पत्रं. त्यातलं एक छत्री विकणाऱ्या कंपनीचं होतं.

पत्रं संपली तरी पाकीट पाठवत जा. रिकामं पाठवलंस तरी चालेल.

सिड


नॉरिच
१६ ऑक्टोबर १९९४

प्रिय क्लिफ,

तू काल आला होतास.

मला ते संध्याकाळी पाच वाजता कळलं. काय झालं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यातलं माझं तू बघितलं नाहीस.

दुपारचा खेळ अडीचचा होता. नटांच्या दारापाशी भिंतीवर सह्यांचा कागद असतो. पडदा उघडायच्या पस्तीस मिनिटं आधी आपापल्या नावापुढे सही करून आत असायचं, हा आमच्यात कायदा. आई मेली तरी असायचं. मी एक वाजताच सही केली होती. मला सवय आहे, मी नेहमी पहिला.

खेळ संपला. मी खाली उतरलो तर दारावरचा रेग हसत हसत म्हणाला, "साहेब, आज तुमचा जुळा भाऊ येऊन गेला!"

"कोण?"

"म्हातारा होता एक. कोट बरा होता, पण मासळीचा वास. म्हणतो, आत जायचंय. मी म्हटलं, नाव? तर म्हणतो, क्लिफर्ड ह्यूसन." रेगनं मांडीवर थाप मारली. "मी म्हटलं, काका, ते एक वाजताच आलेत, ही बघा सही. तुम्ही क्लिफर्ड ह्यूसन, तर मी राणीचा नवरा."

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. भांडला नाही बिचारा. म्हणाला, सही बघू. मी कागद दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितली. म्हणाला, 'सही चांगली करतो.' आणि हे ठेवून गेला. मी खिडकीत ठेवलंय, वास येतो म्हणून."

वर्तमानपत्रात बांधलेला हॅडॉक. धुरी दिलेला, परसातल्या पिंपात, बाबा द्यायचे तसा. गाठ मारलेली बोटीवरची, एका हिसक्यात सुटणारी. मला नाव वाचायची गरज पडली नाही.

क्लिफ, मी तोंडावर रंग तसाच ठेवून स्टेशनवर धावलो. एकोणसाठाव्या वर्षी, दुसऱ्या अंकातला मखमली कोट घालून. लोक बाजूला होत होते. तुझी गाडी गेली होती. पण पुढची पाच वीसला होती. लोस्टॉफ्टला सहाला पोचली असती. मी फलाटावर उभा होतो, गाडी समोर लागली होती, दार उघडं होतं.

आणि मी परत फिरलो. सातच्या आधी सही करायची होती म्हणून. माझ्या जागी उभा राहायला एक पोरगा पाठांतर करून तयार बसलाय, गेले दोन महिने मला साधा खोकला यावा म्हणून देवाला विनवतोय. मी गेलो असतो तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मी आत आलो, कागदावर तुझं नाव लिहिलं आणि पडदा उघडायची वाट बघत बसलो.

रेगवर रागावू नकोस. त्याला मी सांगितलं, तो माझा भाऊ होता. तो म्हणाला, "सख्खा? मग त्याचं नाव काय?" मी सांगितलं. त्यानं आपलं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "साहेब, थोडं बसा, पाणी देऊ का?"

मासा मी घरमालकिणीकडे दुधात शिजवून खाल्ला. एकट्यानं, सगळा.

तू इतक्या वर्षांनी का आलास? आजारी आहेस का? एनिडला काही झालंय का? एक ओळ लिही. मी इथे शनिवारपर्यंत आहे, त्यानंतर लंडनला.

सिड


लंडन
९ जानेवारी १९९५

प्रिय क्लिफ,

या नाताळला पाकीट आलं नाही. तेहतीस दिवस मी पायरीवर पोस्टमनची वाट बघितली. आता त्यानंच मला विचारायला सुरुवात केली आहे, "आलं का साहेब तुमचं?"

तेव्हा आता मी खरं सांगतो. उशीर झालाय, पण सांगतो.

स्केगनेसचा सिडनी ह्यूसन १९६९ साली वारला. संघटनेचं मला पत्र आलं होतं, तुम्ही विचारत होतात ते नाव मोकळं झालं आहे, हवं असल्यास कळवा. मी ते टेबलाच्या खणात टाकलं. तेव्हा मला लंडनच्या एका मोठ्या थिएटरात पहिलं मुख्य काम मिळत होतं, आणि ते 'क्लिफर्ड ह्यूसन'ला मिळत होतं. मग वाटलं, हे एक नाटक होऊ दे. मग दुसरं. आणि तुला मी दर वर्षी लिहीत राहिलो की म्हातारा अजून आहे. एका मेलेल्या माणसाला मी तुझ्यासाठी दोन वर्षं जिवंत ठेवला, पुढे त्याबद्दल बोलायचंच सोडलं. पंचवीस वर्षांत कधीही मी तुझं नाव तुला परत देऊ शकलो असतो.

दुसरं. ते पहिल्या झटक्यात तोंडात आलेलं नव्हतं. स्केगनेसच्या माणसाबद्दल मला आधीच माहीत होतं. कंपनीच्या मॅनेजरनं सांगितलं होतं. लंडनला जाताना गाडीत मी वर्तमानपत्राच्या कडेला तुझं नाव लिहून बघत होतो. ओल्डहॅमपासून लंडनपर्यंत. सही बसवत होतो. ती चांगली आहे असं तू म्हणालास ना, ती गाडीतच बसली.

का, ते विचारशील. बाबा संध्याकाळी गोदीवरून येत आणि दारातून हाक मारत, "क्लिफ!" तू घरात असलास काय, नसलास काय, आधी तीच हाक. त्या हाकेत एक आवाज होता. माझ्या नावानं मारायचे ती हाक नुसती बोलवायची असायची. मला वाटलं, कुठल्यातरी भिंतीवर मोठ्या अक्षरांत क्लिफर्ड लिहिलेलं असेल आणि खाली उभा मी असेन, तर तो आवाज मला ऐकू येईल. मी बावीस वर्षांचा होतो. आवाज काही आला नाही. छत्री मात्र मिळाली.

तिसरं. नॉरिचहून परतल्यावर, नोव्हेंबरात, मी संघटनेत जाऊन नाव बदललं. खिडकीमागे आता बाई नाही, एक मुलगी आणि संगणक. तिनं विचारलं, "पूर्वीचं नाव राखून ठेवायचं का?" मी म्हटलं, "नको. ते ज्याचं आहे त्याच्याकडे जातंय."

माझी एजंट मिस पार्गेटर टेलिफोनवर किंचाळली. "अरे, चाळीस वर्षं चाललेल्या दुकानाची पाटी कोणी स्वतः उतरवतं का? तुला सिडनी म्हणून कोण घेणार? सिडनी कोण?"

मी म्हटलं, "मलाही नीट आठवत नाही. बघू."

तिचं बरोबर निघालं. उन्हाळ्याचं एक मोठं काम ठरल्यात जमा होतं, ते गेलं. त्यांना दोन बायकांचा क्लिफर्ड ह्यूसन हवा होता. ग्रेट यार्मथला वसंतात एका नाटकात डॉक्टरचं काम मिळालंय. दुसऱ्या अंकात येतो, अकरा वाक्यं बोलतो, नाडी बघतो, जातो. जाहिरातीत माझं नाव सगळ्यात खाली आहे. कार्यक्रमाची पुस्तिका सोबत पाठवतोय. त्यात माझ्याबद्दल छापलंय, 'सिडनी ह्यूसन, नवोदित.' दिग्दर्शक सव्वीस वर्षांचा आहे, तो मला म्हणतो, घाबरू नका.

यार्मथ तुझ्यापासून दहा मैल आहे, हे तुला माहीत आहे. म्हणूनच घेतलं.

ये असं मी म्हणत नाही. मला म्हणायचा हक्क नाही. मला तुझी आठवण येते, क्लिफ. इतकी येते की कधीकधी स्वतःची सही बघत बसतो.

तुझा भाऊ,
सिड


लोस्टॉफ्ट
२ एप्रिल १९९५

सिड,

एनिड म्हणते, लिही नाहीतर जेवायला वाढणार नाही. म्हणून लिहितोय.

मी आजारी नाही. एनिडही बरी आहे, गुडघे सोडले तर. ऑक्टोबरात आलो होतो ते उगाच. नॉरिचला दातांच्या डॉक्टरकडे काम होतं. मासा घेऊन कोणी दातांच्या डॉक्टरकडे जात नाही असं एनिड म्हणते. जाऊ दे.

गाडी सोडून परत गेलास ते वाचलं. मीही बोट सोडून कधी घरी आलो नाही, पहिलं पोर गेलं तेव्हाही. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आता तू खरं सांगितलंस, तर मीही सांगतो. नाव घेतल्याचा राग मला दोन वर्षं होता. दोन बायका म्हणायचे त्याचाही होता, मग मलाच हसू यायला लागलं. बाबांच्या वेळचा राग जास्त टिकला. पण इथे आल्यावर जे झालं, ते तुला कधीच कळलं नाही, कारण मी कोणाला सांगितलं नाही.

इथे तुला कोणी लहानपणापासून ओळखत नव्हतं. क्लबात टीव्ही लागायचा, तू कुठल्या ना कुठल्या कामात यायचास. खाली नाव यायचं. सगळे म्हणायचे, "ए क्लिफ, तुझ्या नावाचा बघ." मी म्हणायचो, "माझा भाऊ आहे तो." तर हसायचे. "दोघांचं एकच नाव? आईला दुसरं सुचलं नाही का रे?" मी समजावून सांगायचो, संघटना, बाहुलीवाला, सगळं. जितकं सांगावं तितके जास्त हसायचे. वॉल्ट टूली तर चालताना मला वाकून नमस्कार करायचा. ज्या रात्री तू चांगलं काम करायचास त्या रात्री तर मला वाटायचं, उठून खुर्चीवर उभं राहावं. पण तोंड उघडायची सोय नव्हती. पुढे मी बोलायचं सोडलं. तू पडद्यावर आलास की मी ग्लास भरायला जायचो.

तीस वर्षं, सिड. तुझं कौतुक मला एकट्याला घरी बसून करावं लागलं.

तुझी पुस्तिका मी परवा क्लबात नेली. टेबलावर ठेवली. वॉल्टनं उचलली, चष्मा शोधला, वाचत वाचत खाली आला आणि म्हणाला, "सिडनी ह्यूसन. तुझ्या नात्यातला का रे कोणी?"

मी म्हटलं, "माझा भाऊ."

तो म्हणाला, "हो? नट आहे? आणि इतक्या वर्षांत तू कधी बोलला नाहीस!"

मी वॉल्टचा ग्लास भरून आणला.

शनिवारी दुपारच्या खेळाला येतोय. मी, एनिड आणि वॉल्ट. वॉल्टला नाटकातलं काही कळत नाही, पण तू कुठला ते मी दाखवणार आहे. दारावर नाव सांगून ठेव.

तुझा भाऊ,
क्लिफर्ड ह्यूसन